आधी घरपट्टी, मग दाखला?

यंदा २६ जानेवारीला मी गावी होतो. गाव खटाव तालुक्यातलं, येरळेच्या काठचं. शाळेच्या पोरांनी झेंड्यापुढं संविधानाची उद्देशिका खणखणीत आवाजात म्हटली, गोळ्या-बिस्किटं वाटून झाली आणि पंचायतीपुढच्या मांडवात ग्रामसभा सुरू झाली. तिसरा की चौथा विषय चालू असताना मागं बसलेली एक आजी उठली. गावच्या उपकेंद्रात जन्मलेल्या तिच्या नातवाचा जन्माचा दाखला हवा होता. पोराला अंगणवाडीतून शाळेत घालायचं होतं आणि दाखल्यापायी तिचे तीन हेलपाटे झाले होते.

टेबलामागून उत्तर आलं, "मावशी, हक्काचं बोलताय तर कर्तव्याचं बी बोला की. तीन सालांची घरपट्टी थकलीय. ती भरा, लगेच दाखला घ्या."

मांडवातले बरेच जण हसले. आजी हसली नाही. "घरपट्टी थकलीया, न्हाई कुठं म्हणतीय मी? पर दाखला पोराचा हाय, घराचा न्हाई. पट्टी भरल्याबिगर त्ये पोरगं जल्मलंच न्हाई व्हय?"

त्या दिवशी तिला कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही, आणि हे मला अजून टोचतं. हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

शाळेत नागरिकशास्त्राच्या पेपरात आपण सगळ्यांनी एक वाक्य लिहिलेलं आहे: हक्क आणि कर्तव्ये या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. या वाक्याला मार्क हमखास मिळत. पण ते व्यवहारात कधी ऐकू येतं, हे जरा आठवून बघा. पाण्याचा टँकर आठ दिवस आला नाही म्हणून बायका घागरी घेऊन तहसीलवर गेल्या की ऐकू येतं. शिष्यवृत्ती अडकलेली पोरं निवेदन घेऊन गेली की ऐकू येतं. बड्या थकबाकीदाराला, नदीत मळी सोडणाऱ्याला, पूररेषेच्या आत इमारत चढवणाऱ्याला "आधी कर्तव्याचं बोला" असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. कर्तव्याची आठवण नेहमी मागणाऱ्याला करून दिली जाते. त्यातही ज्याचा आवाज बारीक, त्याला आधी.

माझं म्हणणं असं, की मूलभूत हक्क ही कर्तव्याची मजुरी नाही. आधी काम, मग दाम असा तो व्यवहारच नाही. माणूस जन्मतो तेव्हाच हक्क त्याच्यासोबत येतात. आणि एकाच्या हक्कातून जे कर्तव्य निघतं, ते मुख्यतः दुसऱ्यांवर पडतं: शेजाऱ्यावर, गावावर, पंचायतीवर, सरकारवर. नातवाला दाखला मिळण्याचा हक्क आहे, म्हणजे टेबलामागच्या माणसावर तो देण्याचं कर्तव्य आहे. घरपट्टी ही आजीची वेगळी जबाबदारी. तिच्या वसुलीला कायद्यानं वेगळी वाट दिली आहे, बिल, मागणीची नोटीस आणि शेवटी जप्ती. त्या वाटेनं पंचायतीनं खुशाल जावं. लहानग्या पोराचा कागद ओलीस ठेवणं त्या वाटेवर कुठंच येत नाही.

कर्तव्यं संविधानात आली कधी, हेही बघायला हवं. २६ जानेवारी १९५० ला अमलात आलेल्या मूळ संविधानात मूलभूत हक्कांचा तिसरा भाग होता. नागरिकांच्या कर्तव्यांची वेगळी यादी नव्हती. ती आली १९७६ मध्ये, ४२ व्या घटनादुरुस्तीनं, स्वर्णसिंग समितीच्या शिफारशीवरून. देशात आणीबाणी होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी निकाल दिला, की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धसुद्धा नागरिकाला कोर्टाचं दार वाजवता येणार नाही. एकट्या न्या. एच. आर. खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. म्हणजे हक्क कुलूपबंद होते त्याच वर्षात कर्तव्यं लिहिली गेली. कर्तव्य चुकवणाऱ्याला शिक्षा करण्याची सोय असावी असंही समितीनं सुचवलं होतं. सुदैवानं ते स्वीकारलं गेलं नाही.

तरीही ती यादी वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आणीबाणीनंतर जनता सरकारनं ४२ व्या दुरुस्तीतलं बरंच काही उपटून टाकलं, पण कर्तव्यांच्या यादीचं कलम ५१-क ठेवलं. ते ठेवण्याजोगंच होतं. पहिलंच कर्तव्य संविधानाचं पालन करण्याचं आहे, आणि संविधानात तिसरा भागही येतो. म्हणजे दुसऱ्याच्या हक्काला धक्का न लावणं हे आपलं पहिलं कर्तव्य झालं. यादी तिथून वाचायला सुरुवात केली तर तिचा अर्थच पालटतो.

हा अर्थ आम्हा सातारकरांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. तो आमच्याच रस्त्यांवर घडून गेला आहे. १९०१ सालची गोष्ट. भीमराव आंबेडकर तेव्हा दहा वर्षांचे, साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलातले विद्यार्थी. ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव त्या शाळेच्या पटावर चढलं, म्हणून तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. वडील रामजी सकपाळ खटाव तालुक्यात होते. दुष्काळी काम म्हणून सरकारनं तिथं तलावाची खोदाई काढली होती आणि ते कॅशिअर होते. सुट्टीत त्यांच्याकडं जायला भीमराव, मोठा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं अशी चार पोरं आगगाडीनं निघाली आणि मसूर स्टेशनात उतरली. नवे कपडे, डोक्यावर टोप्या. वडिलांना पाठवलेलं पत्र त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, त्यामुळं न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तरनं आधी आपुलकीनं चौकशी केली. पोरांनी जात सांगितली आणि मास्तर मागं सरकला.

स्टेशनाबाहेर बैलगाड्या भाड्यासाठी उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. अखेर एक जण कबूल झाला: भाडं दुप्पट, गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. शिदोरी सोबत होती, पाणी नव्हतं. वाटेत नदीच्या पात्रात जे पाणी दिसलं ते शेणामुतानं नासलेलं. पुढं टोलनाक्यावर पोरांनी, गाडीवानानं पढवल्याप्रमाणं, आपण मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागितलं. नाकेदार म्हणाला, तुमच्यासाठी इथं पाणी कुणी भरून ठेवलंय? पोरं उपाशी निजली. बाबासाहेबांनी हे सगळं पुढं स्वतः लिहून ठेवलं आहे.

आता "आधी कर्तव्य, मग हक्क" म्हणणाऱ्यानं मला सांगावं, त्या चार पोरांनी कुठलं कर्तव्य चुकवलं होतं? तिकीट काढलं होतं. भाडं दुप्पट द्यायला ती तयार होती. खोटंही बोलली नव्हती. पुढं बोलावं लागलं ते पाण्यासाठी. कर्तव्य चुकलं होतं ते गाडीवानाचं, मास्तरचं, नाकेदाराचं, आणि ज्यात हे सगळं सहज खपून जात होतं त्या साऱ्या मुलखाचं.

त्या चार पोरांतल्या भीमरावांच्या हातून पुढं घडलेल्या संविधानात कलम १५ चा दुसरा खंड आहे. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते या ठिकाणी जात, धर्म, वंश, लिंग, जन्मस्थान एवढ्यावरून कुणाही नागरिकाला अडवता येणार नाही, असं तो सांगतो. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करतं. ही कलमं पुन्हा एकदा नीट वाचा. बहुतेक मूलभूत हक्क सरकारला उद्देशून आहेत, पण ही दोन तुमच्या-माझ्याशी थेट बोलतात. हॉटेलवाल्याशी, पाणवठ्यावरच्या बाईशी, गाडीवानाशी बोलतात. हक्कांच्या प्रकरणात नागरिकांची कर्तव्यं १९५० पासूनच लिहिलेली होती. ती वेगळ्या यादीत नव्हती, म्हणून आपल्याला दिसली नाहीत.

इथं कुणी गांधीजींचा दाखला देईल, आणि तो द्यायलाच हवा. १९४७ मध्ये मानवी हक्कांविषयी विचारणा झाली तेव्हा त्यांनी कळवलं होतं, की माझ्या निरक्षर पण शहाण्या आईकडून मी शिकलो, खरे हक्क नीट पार पाडलेल्या कर्तव्यातूनच मिळतात. आमच्या औंध संस्थानात त्यांच्या या विचारावर प्रयोगही झाला. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये आपल्या संस्थानाची सत्ता प्रजेच्या हाती दिली. राजानं आपण होऊन सत्ता सोडावी, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट! संस्थानाचं ते संविधान गांधीजींच्या सल्ल्यानं झालं आणि मतदाराला साक्षरतेची अट त्यांनी महत्त्वाची मानली. मत हवं तर आधी अक्षर शिका.

हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण १९५० च्या संविधानानं ती वाट नाकारली आणि ठीक केलं. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास होती. औंधची अट देशाला लावली असती तर पाचातल्या चौघांना बोट पुढं करून शाई लावून घेता आली नसती. ज्यांना शाळेच्या दारातून शतकानुशतकं हाकललं, त्यांना निरक्षर म्हणून मतही नाही, हा दुहेरी दंड झाला असता. गांधीजी कर्तव्याबद्दल बोलत तेव्हा पहिला भार स्वतःवर घेत. नेमका तोच भाग गाळून त्यांचं वाक्य आपण समोरच्याच्या तोंडावर फेकतो.

कर्तव्य खुशीनं कसं घेतलं जातं, हे बघायचं तर येरळेच्याच काठानं खाली सांगली जिल्ह्यात जावं. खानापूर तालुक्यात तांदूळवाडी आणि बलवडी ही दोन गावं आहेत. ऐंशीच्या दशकात दुष्काळानं हा भाग होरपळत होता, आणि येरळेची वाळू मात्र लिलावानं ठेकेदार उचलून नेत होते. मुक्ती संघर्ष या कष्टकऱ्यांच्या चळवळीच्या बळावर गावकऱ्यांनी हक्क सांगितला: नदी आमची, वाळूही आमची. त्याच वाळूच्या विक्रीतून पैसा उभा राहिला, लोकांनी श्रमदान केलं, बाहेरच्या मित्रांनी हात लावला आणि बळीराजा स्मृती धरण झालं. धरण लहानच. मोठं होतं ते पाणीवाटपाचं ठरणं. पाण्याचा वाटा जमिनीच्या आकाराशी बांधला नाही, माणसांशी बांधला. ज्याला गुंठाभर रान नाही त्याचाही वाटा. आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही.

शेवटची अट काय आहे, ते सांगली जिल्ह्याबाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. इथं पाणी आलं की ऊस येतो. ऊस म्हणजे हमखास बिल, पोरीचं लग्न, सोसायटीचं कर्ज फिटणं. ज्याच्या बांधाला पाणी आलंय त्यानं ऊस लावायचा नाही, हे कर्तव्य कुठल्या सरकारी फतव्यानं पाळलं गेलं नसतं. लोकांनी ते मान्य केलं, कारण आधी प्रत्येकाचा वाटा मान्य झाला होता. आपल्या शेजारच्या भूमिहीनाचंही पाणी यात आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाला ऊस लावताना संकोच होतो. पाणी बागायतदारांनी वाटून घेतलं असतं आणि मग बाकीच्यांना "काटकसर करा, कर्तव्य आहे" म्हणून सांगितलं असतं, तर कुणी ऐकलं असतं?

अलीकडचं उदाहरण कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचं. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघर टीव्ही-मोबाइल बंद होतात, पोरांनी अभ्यास करावा म्हणून. ग्रामसभेत बोलून ठरलेलं.

याच्या उलटची बाजू मात्र रोज डोळ्यांपुढं असते. ८६ व्या घटनादुरुस्तीनं २००२ मध्ये दोन गोष्टी एकदम केल्या. कलम २१-क नं सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा भार सरकारवर टाकला, आणि अकरावं मूलभूत कर्तव्य म्हणून मुलाला शिक्षणाची संधी देण्याचा भार पालकांवर. दोन्ही १ एप्रिल २०१० पासून अमलात आली. आता दिवाळीनंतर सांगली जिल्ह्यातल्या पलूस-वाळव्याच्या बाजूला पहाटे उसाच्या फडात जाऊन बघा. बीडकडून, खुद्द त्याच जिल्ह्याच्या जत तालुक्यातून आलेली टोळी थंडीत तोडीला लागलेली असते. बांधावर आठ-नऊ वर्षांची पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी असते, कोपीत चूल पेटवायची असते, पाणी आणायचं असतं. तिची शाळा गावाकडं सुरू आहे. पटावर तिचं नाव आहे.

मुकादमाकडून उचल घेऊन आलेल्या जोडप्याला हिशेबात "एक कोयता" म्हणतात. दोन माणसांचं मिळून एक हत्यार. त्या आई-बापानं अकरावं कर्तव्य चुकवलं असं कुणी म्हणणार असेल तर कायद्याच्या शब्दांत ते बरोबरही ठरेल. पण उचल फिटेपर्यंत त्यांना फड सोडता येत नाही. पोरीला गावी ठेवावं तर सांभाळायला कुणी नाही. हंगामी वसतिगृह किंवा साखरशाळा असेल तर ठीक, नसेल तर पोरगी बांधावर. मी त्या बापाला कर्तव्य शिकवायला जाणार नाही. आधी मी कारखान्याला विचारीन, जिल्हा परिषदेला विचारीन, आणि स्वतःला विचारीन, कारण मी साखर खातो.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढं हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत मांडली होती. त्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्याच खटाव तालुक्यातलं. त्यांनी रयतेला दोष दिला नाही. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामानं आणि खर्च होते वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, असा त्यांचा हिशेब होता, आणि म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी. म्हणजे रयतेनं आपलं कर्तव्य आधीच केलेलं आहे, बाकी आहे ती तिच्या हक्काची. ग्रामसभेतल्या आजीलाही हा हिशेब लागू पडतो. घरपट्टी थकली असेल, पण टूथपेस्टपासून चपलेपर्यंत ती जे विकत घेते त्यावरचा जीएसटी कधी थकत नाही. तो दुकानातच कापून जातो, आणि त्याची पावती दाखवून कुणी तिला दाखला देत नाही.

आणखी एक गोष्ट साताऱ्याच्या माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. कर्तव्यांच्या यादीत आठवं आहे विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन, मानवतावाद, शोधकबुद्धी आणि सुधारणावाद यांचा विकास करणं. हे कर्तव्य शब्दशः आयुष्यभर पाळलेला माणूस आमच्या साताऱ्याचा होता, डॉ. नरेंद्र दाभोलकर. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं धडपडले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या जाण्यानंतर त्याच वर्षी झाला. त्यांच्या खुनासाठी दोघांना जन्मठेप व्हायला मे २०२४ उजाडलं. कर्तव्य करायला माणूस रस्त्यावर उतरतो तेव्हा त्याच्या पाठीशी बोलण्याचा आणि जगण्याचा हक्क भक्कम उभा असावा लागतो. तो नसेल तर कर्तव्याची यादी भिंतीवर टांगून काय उपयोग?

याचा अर्थ आम्ही नागरिक धुतल्या तांदळासारखे आहोत असा नाही. ग्रामसभेचंच घ्या. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसं, यांतलं जे कमी असेल ते लागतं. तेवढी जमत नाहीत, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग दहा-पंधरा जण गावाचं वर्षाचं नियोजन ठरवतात आणि उरलेले वर्षभर पारावर कुरकुरतात. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. त्यानंतरही पूररेषेच्या आत भराव टाकणारे आपल्यातलेच आहेत, आणि ते बघून गप्प बसणारेही. ही कर्तव्यं खरी आहेत, कारण ती चुकली की दुसऱ्या कुणाच्या तरी घरात पाणी शिरतं. माझ्या भरावाची किंमत खालच्या गल्लीतली बाई मोजते. कर्तव्याची मोजणी इथून करावी, कुणाचं काय बुडालं यावरून. मग ती आपोआप ताकदवानाच्या दारात आधी जाते.

आजीचं पुढं काय झालं ते सांगतो. मार्चमध्ये मी तिच्या नावानं रीतसर लेखी अर्ज लिहून दिला, लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा उल्लेख करून, आणि पोच मागितली. पोच द्यायला खळखळ झाली, पण मिळाली. आठवड्यात दाखला आला. घरपट्टीचा विषयही निघाला नाही.

१ मेच्या सभेसाठी मी ठराव दिला होता, की कुठलाही दाखला थकबाकीसाठी अडवू नये आणि वसुली तिच्या कायदेशीर वाटेनं करावी. मांडवात एकतीस माणसं होती. सभा तहकूब झाली. पुढची १५ ऑगस्टला आहे आणि मी घरोघर जाऊन सांगतो आहे.

परवा आजीच्याही दारात गेलो. तिनं आतून प्लॅस्टिकची पिशवी आणली. नातवाच्या दाखल्याखाली एक घडी घातलेला कागद होता, घरपट्टीच्या दोन सालांची पावती. शेळीचं करडू विकून भरली म्हणाली. तिसऱ्या सालाची सुगीनंतर भरणार आहे. १५ तारखेला येताना आळीतल्या बायांना घेऊन येते, तेवढं सभेची वेळ किती वाजताची ते नीट सांगा, म्हणाली.